सगुणा म्हैस आणि श्रीपतीचं कॉलेज

दिवाळीत परक्याच्या घरी जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं. आपल्या घरी पहाटे उठायला उशीर झाला तर आई नुसती ओरडते. परक्याच्या घरी सगळे कौतुकानं बघत बसतात, आणि ते जास्त लागतं. शिवाय सांगलीतला आमच्या घरचा चिवडा टाकून जायचं म्हणजे अगदी जिवावर येतं. तरी गेलो. का गेलो म्हणाल, तर श्रीपतीचा चेहरा बघवेना.

श्रीपती आमच्या कॉलेजात इंटरला, माझ्याच बाकावर. घर रहिमतपूरजवळच्या एका वाडीवर, उसाची शेती, वडील पलटणीत हवालदार. सहा वर्षं लढाईवर होते, ते युद्ध संपल्यावर पेन्शन घेऊन नुकतेच घरी परतले होते. आल्या आल्या त्यांनी मुलाला निरोप धाडला, की दिवाळीला ये, तुझ्या शिक्षणाचं काय ते ठरवू.

"ठरवू म्हणजे कॉलेज बंद," श्रीपती मला म्हणाला. "एकटा गेलो तर गेलोच समज. तुम्ही दोघं चला रे. पाहुण्यांसमोर आबा जरा नमतं घेतील."

दुसरा पाहुणा हमीद. हा मिरजेचा, त्याच्या घरी तीन पिढ्या सतारी बनवतात. त्यामुळे त्याला कशातही सूर ऐकू येतो, अगदी मोटारीच्या भोंग्यातसुद्धा, आणि तो सूर कुठं चुकला हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. माझं म्हणाल तर मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी. म्हणजे कशाचाच नव्हे.

मिरजेहून छोट्या गाडीनं निघालो. प्रवासाचं फार सांगत नाही. कोळशाचे कण डोळ्यांत गेले आणि आईनं आठ दिवस पुरावा म्हणून दिलेला चिवडा हमीदनं कराड यायच्या आत संपवला, एवढं पुरे आहे.

धनत्रयोदशी

स्टेशनावरून वाडी दोन कोस. कार्तिक तोंडावर आला तरी ऊन असं, की माझा सदरा पाठीला चिकटला तो वाडी येईपर्यंत सुटला नाही. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, त्यामुळे वाऱ्याला वाटच नाही. "जरा ऊस मोडून खाऊ या का?" असं मी विचारलं, तर श्रीपती म्हणाला, "हा फड दुसऱ्याचा. आमचा पुढं आहे." पुढं म्हणजे पार घराला लागून होता. तोवर माझी ऊस खायची इच्छाच मेली होती.

दारात श्रीपतीची आई, म्हणजे आमची मावशी, उभी होती. ठेंगणी, सावळी, बोलायला कमी. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि "या रं पोरांनो" एवढंच म्हणाली. मी भक्तिभावानं पुढं पाऊल टाकलं ते थेट बळीराजावर. त्या भागात दिवाळीला अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, आणि मधोमध शेणाचाच बळीराजा बसवतात. आमच्या सांगलीत पणत्या आणि रांगोळी, त्यामुळे मला काय कल्पना! बळीराजा माझ्या चपलेला लागून घरात आला.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "उद्या दुसरा करीन. पाय धुवा आदी."

तेवढ्यात हवालदार आले. मिशा वर वळवलेल्या, अंगात खाकी सदरा, खाली धोतर, डोक्याला फेटा. आम्हां तिघांना त्यांनी वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, की माझी टाच आपोआप टाचेला लागली.

"पाव्हनं कुठलं?"

"मी सांगलीचा, हा मिरजेचा," मी म्हणालो.

"चांगलं हाय. जेवा."

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, डोळ्यांत पाणी आणणारा खर्डा आणि सुरीनं कापावं असं दही. आमच्याकडे दही वाटीत येतं, इथं मडकं शेजारी ठेवतात आणि तुम्ही हात आडवा करेपर्यंत वाढतात. मी तीन भाकरी खाल्ल्या. हमीद बोलायच्या अवस्थेत नव्हता. अशा वेळी हवालदारांनी तोफ डागली.

"श्रीपा, ऐक. पाडव्याला म्हशी हाकंला लावत्यात, ठावं हाय न्हवं?"

आम्हांला ठाऊक नव्हतं, म्हणून श्रीपतीनं समजावलं. पाडव्याला गावातल्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात आणतात. धनी एका टोकाला उभा राहतो, म्हैस दुसऱ्या टोकाला सोडतात. धन्यानं हाक मारायची आणि म्हशीनं त्या सगळ्या गर्दीतून पळत फक्त त्याच्याकडे यायचं.

"आपली सगुणा तुझ्या हाकंला आली," हवालदार म्हणाले, "तर तू आजून घरचा हायस. मग जा कालिजात, खुशाल जा. न्हाई आली तर कालिज डिशमिस. दिवाळी झाली की उसाला पानी पाजायला लागायचं."

"आबा, मी दोन वर्सं सांगलीत हाय. ती मला कशी वळखंल?"

"त्येच म्हंतोय मी," हवालदारांचा आवाज एकदम उतरला. "आज जनावर वळखत न्हाई, उद्या तू मला वळखायचा न्हाईस. सा वर्सं बाहीर ऱ्हायलो, घरी आलो तर पोरगं पाव्हन्यावानी वागतंय. मला न्हाई सोसत."

मावशी चुलीपाशी होती. तिनं श्रीपतीच्या भाकरीवर आणखी एक लोण्याचा गोळा ठेवला आणि भांडी उचलली.

संध्याकाळी मावशी मारुतीला दिवा लावायला गेल्यावर आम्ही सगुणेला बांधावर नेऊन पहिली चाचणी घेतली. म्हैस देखणी होती, काळी कुळकुळीत, शिंगं मागं वळलेली. श्रीपतीनं गोठ्याच्या दारातून हाक मारली. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पाठ फिरवली आणि जे करायचं ते करून चरायला लागली. श्रीपतीनं सात वेळा हाक मारली. सातव्यांदा त्याचा आवाज फाटला आणि तो तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला.

"चुकलं कुठं ते मला कळलं," हमीद गंभीरपणे म्हणाला. "तुझी हाक बेसूर आहे."

नरकचतुर्दशी

पहाटे शिट्टी वाजली. खरी शिट्टी, पलटणीतली. "फॉलिन!" अशी आरोळी आली आणि आम्ही तिघे अंथरुणातून थेट अंगणात. हवालदारांनी स्वतःच्या हातानं तेल लावलं. आमच्या घरी अभ्यंगस्नान म्हणजे आईनं हळुवारपणे चोळायचं. हवालदारांनी मला तोफेसारखं पुसून काढलं. माझ्या खांद्याचा सांधा अजून बोलतो. वर उटणं, वर कढत पाणी, आणि ते डोळ्यांत गेल्यावर "रडतुयास कशापायी? मर्द हायस न्हवं?" हे वेगळंच.

हमीद म्हणाला, "आबा, मी कडेला बसतो, हा तुमचा सण."

"पाव्हन्याला सन न्हाई व्हय? बस खाली." त्यालाही तेवढंच रगडलं. हमीद नंतर म्हणाला की ईदेला तो आबांना मिरजेला बोलावणार आणि शीरखुर्मा खाऊ घालून सूड घेणार.

फटफटल्यावर आम्ही परड्यात गेलो. हमीदनं श्रीपतीला उभं केलं, छाती पुढं, हनुवटी खाली. "हाक पोटातून काढ. पहिलं अक्षर ठाम, मधलं लांबव, शेवट वर नको नेऊस, खाली सोड. स-गु-णाऽऽ. हां, अजून जरा खाली. आता बरोबर." मी सगुणेला बांधाच्या टोकाला घेऊन उभा होतो आणि दुसऱ्या हातात माझी वही होती. मावशी धारेची वेळ झाली म्हणून चरवी आणि पेंडीची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात, श्रीपतीच्या मागं, आमचा खेळ संपायची वाट बघत उभी होती.

श्रीपतीनं हाक मारली. मी दावं सोडणार तोच ते हातातून निसटलं. आणि काय सांगू, म्हैस सुटली ती धडधडत थेट गोठ्याकडे! श्रीपती बाजूला उडी मारून वाचला. आम्ही तिघे नाचलो. हमीदनं डोळे मिटून कानाच्या पाळीला हात लावला. मी वहीत लिहिलं: सुधारित सूर, यशस्वी.

"संध्याकाळी परत करू या," मी म्हणालो.

"अजिबात नाही," हमीद म्हणाला. "गवई दोन्ही वेळा गळा ताणत नाही. आवाजाला विश्रांती पाहिजे." त्यानं श्रीपतीला दिवसभर मोठ्यानं बोलायची बंदी केली आणि गरम दूध-हळद पाजली. हवालदारांना वाटलं पोरगं भेदरलंय. ते मिशीत हसले.

लक्ष्मीपूजन

दुसऱ्या सकाळीही तेच. हमीदनं सूर लावून दिला, श्रीपतीनं हाक मारली, मावशी चरवी घेऊन मागं उभी, आणि सगुणा धावत आली. वहीत दुसरी बरोबरची खूण. दोनदा एकच कारण आणि दोनदा एकच परिणाम, म्हणजे सिद्धांत पक्का झाला, असं मी दोघांना सांगितलं. इतक्या लवकर कुठलाही सिद्धांत पक्का होत नाही, हे आम्हांला पहिल्याच धड्यात शिकवलं होतं. पण परीक्षेत पस्तीस मार्कांपुरतं वाचणाऱ्याला पहिला धडा कुठला आठवायला!

त्या दिवशी खाण्याची चंगळ होती. साखर रेशनची, मिळेल तेवढी. म्हणून सगळं गुळाचं. कानोले हाताच्या पंजाएवढे, एक खाल्ला की दुपार निघते. आमच्या घरच्या करंज्या त्यांच्यापुढं ठेवल्या तर पिल्लं वाटतील. चकली नव्हती, कडबोळी होती, आणि ती इतकी कडक की हमीदनं एक वाजवून बघितलं. मावशी पदर तोंडाला लावून हसली. तीन दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून धीर करून विचारलं, "मावशी, उद्या सगुणा येईल ना हो?"

"यील की," ती म्हणाली. "न यायला काय झालं?"

ती इतक्या सहज म्हणाली, की मी निर्धास्त झालो आणि चौथा कानोला घेतला. त्याचे परिणाम रात्रभर भोगले, पण ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

पाडवा

सकाळी सगुणेला विहिरीवर धुतलं. शिंगांना लाल रंग, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ. माझ्या नव्या सदऱ्यालाही लाल रंग लागला. तो अजून निघालेला नाही. श्रीपतीला आम्ही आबांचा जुना फेटा बांधला, आबांचीच घोंगडी खांद्यावर दिली. सांगलीच्या साबणाचा वास मारला जावा म्हणून त्याला गोठ्यात तासभर बसवलं, ही कल्पना माझी.

दुपार उतरली तसं सगळं गाव पटांगणात जमलं. हलगी कडाडत होती. देवळाच्या ओट्यावर बायका आरत्या घेऊन उभ्या, त्यांत मावशीही. बाईनं म्हशीला हाक मारायची तिथं रीत नाही. तिनं फक्त आलेल्या म्हशीला ओवाळायचं. एकेक म्हैस सुटत होती आणि धुरळा उडवत धन्याकडे पळत होती. एक तर धन्याच्या छातीवर डोकं टेकून थांबली. बघून मला खरंच भरून आलं. सांगलीत आमच्या घरचं मांजरसुद्धा हाकेला येत नाही.

आमचा नंबर आला. मी सगुणेला घेऊन या टोकाला. पहिल्या दोन दिवशी दावं हातातून निसटलं होतं, म्हणून मी ते मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं. त्या टोकाला श्रीपती, शेजारी हवालदार. हमीदनं लांबून हात वर करून सूर दिला. श्रीपतीनं हाक मारली. अशी सुरेल हाक, की ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

सगुणा उभीच.

दुसरी हाक. तिनं कान हलवला. तिसरी हाक. ती हलगीवाल्याकडे बघत रवंथ करायला लागली. गावात खसखस पिकली. "आरं, तिला इंग्रजीत हाक मार की रं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं पटांगण हसलं. श्रीपतीचा चेहरा मला एवढ्या लांबून दिसला. मला तिथंच मातीत तोंड लपवावंसं वाटलं. माझी वही, माझे सिद्धांत, आणि त्याचं आयुष्य पणाला!

"बाजूला हो," हवालदार म्हणाले. "माझ्या हातची वाढिवल्याली हाय ती. मी गेलो तवा रेडकू हुती." त्यांनी छाती भरून घेतली आणि जी हाक मारली, ती एखाद्या पलटणीला पुरली असती. "सगुनाऽऽ! ये!"

सगुणेनं शेपूट हलवून माशी उडवली.

आता कुणी हसलं नाही. सहा वर्षांनी घरी आलेल्या हवालदाराला सगळ्या गावासमोर त्याची म्हैस ओळखत नव्हती. त्यांनी पुन्हा हाक मारली, ती मघापेक्षा हळू. मग हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. मोठा नव्हता, रोज चुलीपाशी बोलतात तेवढाच. "सगुने, ये बाई."

सगुणेनं कान टवकारले आणि ती सुटली. मी मनगटाचे वेढे सोडवायच्या आतच आडवा झालो. त्या पटांगणाची पूर्ण लांबी मी पोटावरून पाहिली आहे. हलगीवाला उडाला, धुरळा उडाला, माझी एक चप्पल उडाली. सगुणा ओट्यापाशी जाऊन थांबली आणि मावशीच्या हाताशी तोंड न्यायला लागली. मी तिच्या मागच्या पायांशी पडून होतो, म्हणून पुढचं सगळं मी खालून ऐकलं.

मावशीनं आधी म्हशीला ओवाळलं. मग ती ओट्यावरून खाली उतरली आणि हवालदारांकडे बघून म्हणाली, "आवं, म्हस माझ्या हाकंला आली. मंग ठरवायचं त्ये मीच ठरवायचं. पोरगं कालिजात जाईल."

"आगं पन..."

"ऐकून घ्या. सा वर्सं तुमचं कागद यीत हुतं. मला अक्षर येत न्हाई. ह्यो वाचून दावायचा, सांगलीला गेल्यावरबी सुट्टीला यिऊन वाचायचा, मंग मला भाकर ग्वाड लागायची. मदी आट म्हैनं तुमचा कागदच न्हाई. गावात लोक माझ्या कपाळाकडं बगायला लागली हुती. तवा ह्या पोरानं पलटनीच्या सायबाला इंग्रजीत अर्ज लिवला. तवा कळलं तुमी दवाखान्यात हायसा, जित्तं हायसा. त्यो शिकला नसता तर मी काय केलं असतं, सांगा?"

पटांगणात हलगी केव्हाच थांबली होती. हवालदार श्रीपतीकडे वळले.

"त्यो अर्ज तू लिवल्याला?"

श्रीपतीनं मान हलवली.

"सायबानं माझ्या खाटंशी यिऊन दावला हुता," हवालदार म्हणाले. "मला वाटलं, वकिलानं लिवला आसंल." त्यांनी श्रीपतीच्या डोक्यावरचा घसरलेला फेटा दोन्ही हातांनी नीट केला, आणि ते करता करता डोळे पुसून घेतले. मग गावाकडे वळून गरजले, "काय तमाशा हाय का हितं? डिशमिस!"

मला कुणीतरी उठवलं. हमीद माझे कपडे झटकत म्हणाला, "चूक माझी. सूर मागून येत होता, मी पुढच्याला शिकवत बसलो." मी मावशीला विचारलं, तुम्हांला आधीच ठाऊक होतं का, की रोज सकाळी ती तुमच्याकडे येत होती? "व्हय," ती म्हणाली. "पन तुमी पोरं एवडी नाचत हुता, मोडता कशाला घालायचा? म्हनलं, मी हाय की तितं उभी."

परतीची वाट

भाऊबीज उरकून निघालो. हवालदार स्टेशनापर्यंत आले, श्रीपतीची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन. देईनात काही केल्या. गाडी दिसायला लागल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आठवड्याला एक कागद धाडायचा. आयच्या नावानं."

"पन तिला वाचून कोन दावनार, आबा?"

"मी दावीन की. मला पलटनीत रोमन अक्षरं शिकिवल्यात, देवनागरी न्हाई येत. तू आपली भाषा लिव, पन इंग्रजी अक्षरात लिव. मोटी काड, गिचमिड नको."

तेव्हापासून दर रविवारी श्रीपती खोलीवर बसून आईला इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र लिहितो. मी आणि हमीद शेजारी बसून चुका काढतो, कारण 'ळ' कसा लिहायचा यावर आमचं अजून एकमत नाही. परवा पहिलं उत्तर आलं. पोस्टकार्डावर पलटणीतली मोठमोठी, ताठ रोमन अक्षरं, ओळी फूटपट्टी लावून मारलेल्या. श्रीपतीनं मोठ्यानं वाचलं:

"आय बरी हाय. म्हस बरी हाय. तुजा कागद रोज एकदा वाचून दावतो, आठवड्याला एकच आला तरी. सकाळी धारेच्या वक्ताला मी सगुनाला हाक मारतो. आजून येत न्हाई. मारतोय."